कीटकांच्या सूक्ष्म अवयवांचे एक्स्ट्रीम मॅक्रो छायाचित्रण आणि फोकस स्टॅकिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालील बहुतेक उत्तरांमध्ये उदाहरण म्हणून एकच कीटक येतो, तो म्हणजे सातेरी मधमाशी, शास्त्रीय नाव एपिस सेराना. ती महाराष्ट्रात सर्वत्र आढळते, मेलेली सहज मिळते, आणि दाट केस, चकचकीत कवच, पारदर्शक पंख व हजारो नेत्रिकांचे, म्हणजे चिमुकल्या भिंगांचे, संयुक्त डोळे असे छायाचित्रकाराला छळणारे सगळे प्रकार तिच्या एका सेंटिमीटरच्या देहात एकत्र सापडतात.

एक्स्ट्रीम मॅक्रो नेमके कशाला म्हणायचे?

वस्तूची सेन्सरवर पडणारी प्रतिमा वस्तूएवढीच असेल तर ते एकपट वर्धन होय, आणि नेहमीच्या मॅक्रो लेन्स तिथे थांबतात. त्यापुढचा, साधारण दोनपट ते वीसपट वर्धनाचा प्रदेश एक्स्ट्रीम मॅक्रोचा मानतात. अनेक हौशी कॅमेऱ्यांत असणाऱ्या एपीएस-सी सेन्सरचा आकार सुमारे २३.५ × १५.६ मि.मी. असतो, म्हणजे चारपट वर्धनाला चौकटीत ५.९ × ३.९ मि.मी. एवढाच भाग मावतो. सातेरीच्या कामकरी माशीचे डोके त्यात बसते. दहापटीला चौकट २.३५ मि.मी. रुंद उरते आणि डोक्याऐवजी एक डोळा किंवा एक सांधा एवढाच विषय हाती राहतो.

अ‍ॅपर्चर पुरेसे बंद केले तर एकाच फोटोत सगळे स्पष्ट का येत नाही?

येते, पण सगळे सारखेच धूसर येते. वर्धन वाढले की लेन्सवर लिहिलेला एफ-क्रमांक, म्हणजे छिद्र किती अरुंद आहे ते सांगणारा आकडा, खरा राहत नाही. साध्या हिशेबाने तो वर्धन अधिक एक या संख्येने गुणावा लागतो. पाचपट वर्धनाला एफ/२.८ प्रत्यक्षात एफ/१६.८ होतो आणि एफ/११ तर एफ/६६ होतो. एवढ्या अरुंद छिद्रातून जाताना प्रकाश विवर्तनामुळे पसरतो आणि डोळ्यावरचे बारीक केस एकमेकांत मिसळून जातात. उलट छिद्र मोठे ठेवले तर तपशील टिकतो, पण फोकसची खोली, म्हणजे एका फोटोत स्पष्ट येणारा थर, केसाच्या जाडीहूनही कमी होते. या पेचातून निघण्याचा मार्ग म्हणजे छिद्र मोठे ठेवून कॅमेरा किंवा नमुना थोडा थोडा सरकवत अनेक फोटो काढणे आणि प्रत्येकातला स्पष्ट भाग संगणकाकडून एकत्र जोडून घेणे. यालाच फोकस स्टॅकिंग म्हणतात.

कोणती लेन्स घ्यावी?

पाचपटीपर्यंत खास मॅक्रो लेन्स मिळतात. कॅननची १९९९ साली आलेली एमपी-ई ६५ मि.मी. ही त्यांतली सर्वांत परिचित. मात्र पैशाच्या मानाने सर्वाधिक तपशील देते ते सूक्ष्मदर्शकाचे ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे त्याचे नमुन्याकडचे भिंग. अनंत अंतरासाठी दुरुस्त केलेले ऑब्जेक्टिव्ह २०० मि.मी.च्या टेलिफोटो लेन्सच्या पुढे जोडकड्याने बसवावे, टेलिफोटोचा फोकस अनंतावर व अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवावे, एवढीच जोडणी असते. टेलिफोटोऐवजी सुमारे २०८ मि.मी. नाभीय अंतराचे रेनॉक्स डीसीआर-१५० हे क्लोजअप भिंग नळीत बसवूनही अनेकजण तेच काम करतात. जुन्या शालेय सूक्ष्मदर्शकावरील, ‘१६०’ असा आकडा कोरलेली ऑब्जेक्टिव्ह मात्र वेगळ्या जातीची. त्यांना मध्ये लेन्स लागत नाही, फक्त त्यांच्या खांद्यापासून सेन्सरपर्यंत सुमारे १५० मि.मी. अंतर बेलोज (घडीचा भाता) किंवा एक्स्टेन्शन ट्यूब (पोकळ नळी) लावून राखावे लागते.

ऑब्जेक्टिव्ह घेताना वर्धनाइतकेच दोन आकडे पाहावेत. पहिला एन.ए. (न्यूमेरिकल अपर्चर), म्हणजे भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करते त्याचे माप, कारण तपशील त्यावर ठरतो. दुसरा आकडा म्हणजे भिंगाच्या टोकापासून नमुन्यापर्यंत उरणारे मोकळे अंतर. मिटुटोयोच्या दहापट ऑब्जेक्टिव्हला हे अंतर सुमारे ३४ मि.मी. मिळते, निकॉनच्या साध्या दहापटीला १०.५ मि.मी., आणि शालेय सूक्ष्मदर्शकाच्या चाळीसपट ऑब्जेक्टिव्हला मिलिमीटरभरही मिळत नाही, त्यामुळे कीटकावर प्रकाश टाकायला जागाच उरत नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याने चारपट, ०.१० एन.ए.चे ऑब्जेक्टिव्ह घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. दहापटीच्या मोहात पडलेल्यांची साधने बहुधा सहा महिन्यांत कपाटात जातात.

मोबाइलवर हे जमते का?

क्लिपने लावायच्या भिंगाने मोबाइलवर मुंगीचा ओळखण्याजोगा फोटो मिळतो. तिच्या जबड्यावरचे दात मोजायचे असतील तर नाही.

दोन फोटोंमधला टप्पा किती ठेवावा आणि एकूण किती फोटो लागतात?

फोकसची खोली काढण्यासाठी प्रकाशाच्या तरंगलांबीला एन.ए.च्या वर्गाने भागावे. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) धरली तर ०.१० एन.ए.च्या चारपट ऑब्जेक्टिव्हला ५५ मायक्रॉन आणि ०.२५ एन.ए.च्या दहापटीला ८.८ मायक्रॉन खोली मिळते. लागोपाठचे फोटो एकमेकांवर थोडे चढले पाहिजेत, म्हणून टप्पा या खोलीच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास ठेवतात. म्हणजे अनुक्रमे ४० आणि ६ मायक्रॉन.

आता मधमाशीचे डोके समोरून घ्यायचे आहे आणि शृंगिकांच्या, म्हणजे डोक्यावरच्या दोन स्पर्शिकांच्या, टोकापासून डोळ्यांच्या मागच्या कडेपर्यंत ३ मि.मी. खोली आहे असे समजा. चारपटीला ७५ फोटो पुरतात, तर दहापटीला तेवढ्याच खोलीला ५०० लागतात. सुरुवातीला आणि शेवटी पाच-दहा फोटो जास्तीचे काढावेत. शृंगिकेचे टोकच राहून गेले, हे नेहमी तीन तासांनंतर लक्षात येते.

कॅमेरा टप्प्याटप्प्याने सरकवणारी, मोटरवर चालणारी रेल नसेल तर?

जुना सूक्ष्मदर्शक शोधावा. अंबाल्याला बनलेले विद्यार्थी-सूक्ष्मदर्शक शाळांच्या भंगारात आणि प्रयोगशाळा-साहित्याच्या दुकानांत अजूनही मिळतात. त्यांचा सूक्ष्म फोकसचा गोल स्क्रू एका फेऱ्यात मिलिमीटरचा थोडासाच अंश सरकतो. चांगल्या बनावटीत हा अंश ०.२ मि.मी. असतो, आणि गोलावर शंभर रेघा असल्या की एक रेघ म्हणजे २ मायक्रॉन. नमुना त्यावर बसवून तीन-तीन रेघा फिरवत गेलात की दहापटीचा टप्पा हाताने साधतो. बोटे दुखतात, मोजणी चुकते, पण काम होते. सामान्य मॅक्रो रेल मात्र चारपटीच्या पुढे उपयोगी पडत नाही. तिच्या स्क्रूच्या आट्यांमधली ढिलाई टप्प्यापेक्षा मोठी असते.

नमुना मिळवण्यासाठी मधमाशी मारावी लागते का?

अजिबात नाही. कामकरी माश्या मेलेल्या भावंडांना पोळ्याबाहेर ओढून टाकतात, त्यामुळे सातेरीची पेटी पाळणाऱ्या कोणाकडेही पेटीच्या दाराशी सकाळी दोन-चार ताज्या माश्या सापडतात. महाबळेश्वरच्या परिसरात अशा पेट्यांची जुनी परंपरा आहे आणि पाळणाऱ्यांना विचारले तर ते आनंदाने देतात. इतर कीटक खिडकीच्या चौकटीत, दिव्याच्या खोळीत आणि कोळ्याच्या जाळ्याखाली मिळतात.

एक बाब गंभीरपणे घ्यावी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूचींमध्ये अनेक फुलपाखरे आणि काही भुंगेरे आहेत, आणि संरक्षित जातीचा मेलेला नमुना बाळगणेही अडचणीचे ठरू शकते. अभयारण्यातून परवानगीवाचून काहीही उचलू नये.

फोटो स्पष्ट येतो, पण कीटक घाणेरडा का दिसतो?

कारण तो घाणेरडाच असतो. साध्या डोळ्यांना स्वच्छ वाटणाऱ्या माशीवर चारपटीला परागकण, कापसाचे तंतू, मेणाचे कपचे आणि मधाने चिकटलेल्या केसांच्या जटा दिसतात. लेन्सविषयी दहा प्रश्न येतात तेव्हा नमुन्याच्या स्वच्छतेविषयी जेमतेम एक येतो. माझ्या अनुभवात चित्राचा निकाल मात्र कॅमेरा चालू करण्याआधी, ब्रश आणि वाटीपाशीच लागलेला असतो.

केसाळ माशीसाठी पद्धत अशी आहे. लहान झाकणाच्या बाटलीत ऊर्ध्वपातित पाणी घेऊन त्यात भांडी घासण्याच्या द्रावणाचा एक थेंब टाकावा, माशी आत सोडून बाटली मिनिटभर हलक्या हाताने गोल फिरवावी. पाणी गढूळ झाले की बदलावे. दुसऱ्या-तिसऱ्या पाण्याला गढूळपणा जातो. मग दोनदा साध्या ऊर्ध्वपातित पाण्यात आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून माशी टिपकागदावर ठेवावी. या क्षणी ती ओल्या मांजरासारखी केविलवाणी दिसते आणि आपण नमुना बिघडवला अशी नवख्याची खात्री पटते. तिच्यावर लेन्सच्या ब्लोअरने किंवा हेअर ड्रायरच्या थंड झोताने, केसांच्या दिशेविरुद्ध, वारा घालत राहावा. एक-दोन मिनिटांत छातीवरचे केस एकेक करून सुटे होऊन उभे राहतात. उरलेले परागकण शून्य क्रमांकाच्या ब्रशमधले दोन-तीनच केस शिल्लक ठेवून, स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली काढावेत. पायावरच्या परागटोपलीतला पराग काढू नये. तो माशीचा ऐवज आहे, घाण नव्हे.

नमुना वाळून कडक झाला असेल तर धुण्याआधी तो मऊ करावा. झाकणाच्या डब्यात तळाला ओला कापूस, त्यावर जाळी, जाळीवर माशी आणि बुरशी येऊ नये म्हणून नॅप्थलीनची गोळी, अशी मांडणी करून डबा एक दिवस बंद ठेवला की पाय आणि शृंगिका न मोडता हलवता येतात.

प्रकाश कसा द्यावा? चकचकीत भाग पांढरेफटक येतात.

कीटकाचे कवच आरशासारखे वागते. त्यावर जो चट्टा दिसतो ते दिव्याचेच प्रतिबिंब असते, म्हणून दिवा लहान तर चट्टा लहान आणि जळजळीत, दिवा मोठा तर चट्टा मोठा आणि मऊ. नमुन्याच्या मानाने दिवा प्रचंड मोठा करणे हा इलाज आहे आणि नमुना चार मिलिमीटरचा असल्याने तो स्वस्तात होतो. ४० मि.मी.चा टेबल टेनिसचा चेंडू अर्धा कापून, त्याला ऑब्जेक्टिव्हपुरते भोक पाडून कीटकावर घुमटासारखा बसवला आणि बाहेरून दोन-तीन बाजूंनी प्रकाश टाकला की संपूर्ण चेंडूच दिवा बनतो. ट्रेसिंग पेपरचे दुपदरी नळकांडेही उत्तम काम देते.

परंतु घुमट सगळीकडून सारखाच उजळला तर चित्र सपाट होते. माशीच्या कपाळावरची बारीक खळी, जबड्याची धार, नेत्रिकांची षटकोनी रचना हे सारे सावलीमुळेच दिसते. म्हणून एका बाजूचा दिवा जोरकस आणि दुसऱ्या बाजूचा मंद ठेवावा, आणि मधोमध काळ्या कागदाची अरुंद पट्टी आडवी धरून पाहावी. सातेरीची एक नेत्रिका सुमारे वीस मायक्रॉन रुंदीची असते. प्रकाश जरा तिरपा केला की चारपटीलाही तिच्या कडा उठून दिसतात, आणि समोरून टाकला की डोळा काळा गुळगुळीत मणी होतो. ही पट्टी इकडून तिकडे सरकवण्यात माझा अर्धा दिवस जातो आणि तो वाया गेला असे मला कधी वाटलेले नाही.

पार्श्वभूमीचा कागद नमुन्याच्या मागे चार-पाच सेंटिमीटरवर ठेवावा. तपकिरी माशीला राखाडी शोभतो.

फ्लॅश चांगला की एलईडी?

घर पूर्ण स्थिर असेल तर कोणताही चालेल. तसे घर सहसा नसते. दहापट वर्धनाला नमुना अर्धा मायक्रॉन हलला तरी सेन्सरवरची प्रतिमा पाच मायक्रॉन सरकते, म्हणजे एका पिक्सेलहून अधिक. रस्त्यावरचा ट्रक, छताचा पंखा, शेजारचा मिक्सर, टेबलावर टेकलेले आपलेच कोपर, यांतले काहीही त्याला पुरते. नेहमीचा कॅमेऱ्यावरचा फ्लॅश १/३२ शक्तीवर १/१०,००० सेकंदापेक्षाही कमी वेळ पेटतो आणि कंप जणू गोठवतो. माझ्या इमारतीत वरच्या मजल्यावरचे धुलाई यंत्र सुकवणीच्या फेरीला लागले की एलईडीवरचा स्टॅक वाया गेलाच म्हणून समजावे, तर फ्लॅशवरचा बहुधा वाचतो.

एलईडी वापरायचाच असेल तर इलेक्ट्रॉनिक शटर ठेवावे, लुकलुकणारे स्वस्त दिवे टाळावेत आणि रेल सरकल्यावर दोन-तीन सेकंद थांबूनच फोटो घ्यावा. पहाटेची वेळ सर्वांत शांत.

जोडलेल्या चित्रात शृंगिका दुहेरी का दिसते?

स्टॅक चालू असताना ती खरोखरच हलली असते. नुकतीच धुतलेली किंवा मऊ केलेली माशी तासन्‌तास वाळत राहते, आणि वाळताना शृंगिका व पाय हळूहळू खाली येतात. दिव्याची ऊब हा वेग वाढवते. डोळ्यांना काहीच जाणवत नाही, पण पहिल्या आणि शेवटच्या फोटोत पन्नास-साठ मायक्रॉनचा फरक पडलेला असतो. उपाय एकच, घाई न करणे. अवयव हव्या त्या ढबीत टाचण्यांनी टेकवून नमुना दोन दिवस सुकू द्यावा. याला अपवाद घरमाशीसारख्या माश्या आणि चतुरांच्या डोळ्यांचा. त्यांचे रंग काही तासांत विटतात आणि डोळे खोलगट होतात, म्हणून ते ताजेच टिपावे लागतात. मधमाशीचे डोळे त्या मानाने सोशिक असतात.

जोडणीसाठी कोणती पद्धत निवडावी?

झेरीन स्टॅकर आणि हेलिकॉन फोकस ही दोन सॉफ्टवेअर सर्वाधिक वापरली जातात आणि दोन्हींत मुळात दोन विचार आहेत. पिरॅमिड पद्धत, म्हणजे झेरीनमध्ये पीमॅक्स आणि हेलिकॉनमध्ये सी, एकमेकांवरून जाणारे केस सुंदर वेगळे ठेवते, पण नॉइज आणि कॉन्ट्रास्ट वाढवते. खोलीच्या नकाशाची पद्धत, म्हणजे डीमॅप किंवा बी, गुळगुळीत कवचाचे रंग व पोत इमानाने राखते, मात्र केसांच्या कडांना धुरकट वलय देते. मधमाशीच्या अंगावर दोन्ही प्रकारचे पृष्ठभाग असल्याने मी दोन्ही चित्रे तयार करतो, पिरॅमिडचे चित्र पाया म्हणून घेतो आणि जबडे, कपाळ व ओठाचा भाग दुसऱ्या चित्रातून ब्रशने आणतो.

डिस्कवरील जागेचा अंदाज आधीच घ्यावा. २४ मेगापिक्सेलच्या एका फोटोची १६ बिटची टिफ फाइल १४४ मेगाबाइटची होते. १५० फोटोंचा स्टॅक म्हणजे २१ गिगाबाइटहून जास्त.

चित्रात समांतर ठिपक्यांच्या रेघा उमटतात, त्या कशाच्या?

सेन्सरवरच्या धुळीच्या. एकच कण प्रत्येक फोटोत असतो आणि सॉफ्टवेअर फोटो जुळवताना त्यांना किंचित लहानमोठे करते, त्यामुळे कणाची माळ होते. सेन्सर साफ करणे हाच इलाज.

डोके झाले, आता पुढे काय टिपावे?

पंखांचे आकडे. माशीच्या मागच्या पंखाच्या पुढच्या कडेवर, जेमतेम मिलिमीटरभराच्या पट्ट्यात, सुमारे वीस बारीक आकडे ओळीने असतात, आणि पुढच्या पंखाच्या मागच्या कडेची दुमड त्यांत अडकली की दोन पंख उडताना एक होतात. पंख मऊ करून अडकलेल्या अवस्थेत ठेवला आणि मागून ट्रेसिंग पेपरमधून प्रकाश दिला की दहापटीला प्रत्येक आकड्याचा बाक मोजता येतो. पंख जवळजवळ सपाट असल्याने पस्तीस-चाळीस फोटो पुरतात. दहापटीची सुरुवात करायला यासारखा विषय नाही.

दुसरा विषय जरा कष्टाचा आहे. पुढच्या पायावर, पाऊल सुरू होते तिथे, शृंगिकेच्या जाडीशी बेतलेली अर्धगोल खाच असते आणि खाचेत कंगव्यासारखे केस. वरून एक काटा येऊन ती खाच झाकतो, माशी शृंगिका त्यातून ओढते आणि स्वच्छ करून घेते. पाय सरळ असेल तर खाच उघडी दिसते आणि तिचा अर्थ लागत नाही; सांधा वाकवून काटा खाचेवर येईल अशा बेताने वाळवला तरच यंत्रणा कळते. माझे तीन पाय मोडले, चौथ्याला साधले.

एका चित्राला आठ-दहा हजार फोटो लागतात असे ऐकले. ते खरे आहे का?

ब्रिटिश छायाचित्रकार लेव्हॉन बिस यांनी ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातील नमुन्यांची चित्रे २०१६ साली तिथेच प्रदर्शित केली, तो हा आकडा. त्यांनी दहापट ऑब्जेक्टिव्ह २०० मि.मी. लेन्सवर लावले, टप्पा १० मायक्रॉनचा ठेवला आणि कीटकाचे सुमारे तीस भाग पाडून प्रत्येकाला वेगळा प्रकाश दिला. एका भागाला काहीशे फोटो लागले की गुणाकार हजारांत जातो. भिंतीएवढा छाप काढायचा नसेल तर इतके करण्याची गरज नाही.

अभ्यासकांना अशी चित्रे उपयोगी पडतात का?

मापपट्टी असेल तरच. काचपट्टीवर १ मिलिमीटरचे शंभर भाग कोरलेला स्टेज मायक्रोमीटर त्याच जोडणीत, त्याच सेटिंगवर एकदा टिपून ठेवावा आणि त्यावरून चित्रात पट्टी काढावी. ऑब्जेक्टिव्हवर छापलेल्या वर्धनावर विसंबू नये. मागची लेन्स २०० मि.मी.ची नसली की ते बदलते.

काम झाल्यावर नमुना कसा ठेवावा?

हवाबंद डब्यात, सिलिका जेल आणि नॅप्थलीनसह. ऑब्जेक्टिव्हही दुसऱ्या तशाच डब्यात, कारण कोकणात आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर उघड्यावर राहिलेल्या भिंगावर बुरशीचे जाळे धरते. रात्रभर चालणाऱ्या स्टॅकच्या वेळी टेबलाचे पाय पाण्याच्या ताटल्यांत ठेवावेत. मी ते केले नव्हते तेव्हा फोटो क्रमांक २१२ पासून पुढच्या सर्व फोटोंत माशीऐवजी फक्त टाचणी आहे. मुंग्या ती घेऊन गेल्या होत्या. टाचणीवर नमुन्याखाली छोटी चिठ्ठी टोचावी आणि तिच्यावर गाव, तालुका, तारीख व नमुना कुठे सापडला ते पेन्सिलीने लिहावे. शाई अल्कोहोलने पसरते.